चौथा बोल्ट

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. कारण त्या दिवशी दुपारपर्यंत मी एका सरळ माणसाला खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाखाली आत टाकायला निघालो होतो, आणि तसं करताना मला जरासुद्धा शंका येत नव्हती.

निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच. नांदे आणि महाळुंगे यांच्या पट्ट्यातलं गाव समजा. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला वीस मजली इमारती आणि मधल्या रस्त्यावर हिंजवडीला निघालेल्या कंपनीच्या गाड्यांची रांग. आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी झाली की निम्मी माणसं वाहतुकीला जायची. उरलेल्या निम्म्यांकडे जमिनीची भांडणं. त्या भागात जमिनीला भाव आला आणि भावाला भाव राहिला नाही, असं आमच्या ठाणे अंमलदार बाई म्हणायच्या. बाई हवालदार होत्या, साताऱ्याकडच्या, आणि तोंडानं फाटक्या. पण माणूस दारातून आत आला की तो कशाला आलाय हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

त्या सकाळी हजेरी संपवून मी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच साठीचा एक माणूस तरातरा आत आला. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. मागे पंचविशीतला एक चष्मेवाला तरुण, मोबाइल छातीशी धरून. पहिला माणूस गावातला जुना जमीनदार शेतकरी, घराच्या वरच्या खोल्या भाड्यानं द्यायचा. दुसरा त्याचा भाडेकरू, लातूरकडून आलेला, संगणकावर काम करणारा.

"सायेब, माझा भाऊ माझ्या पोरीच्या जीवावर उठलाय," जमीनदार म्हणाला. यापुढे मी त्यांना थोरले म्हणतो आणि त्यांच्या भावाला धाकटे.

"कशावरून?" मी विचारलं.

"ह्यो बगा पुरावा. दाव रे."

भाडेकरूनं मोबाइल पुढे केला. चाळीस सेकंदांचं चित्रण होतं, वरच्या गॅलरीतून काढलेलं. भर दुपार. अंगणात एक पांढरी गाडी जॅकवर चढवलेली. मागचं डावं चाक काढून बाजूला ठेवलंय आणि खाकी शर्टातला एक माणूस उकिडवा बसून चाकाच्या जागी काहीतरी करतोय. एकदा त्यानं मान वळवून फाटकाकडे बघितलं. चेहरा स्पष्ट दिसत होता.

"सर, ॲक्च्युअली माझा कॉल चालू होता," भाडेकरू म्हणाला. "मला वाटलं काकांनीच मेकॅनिक बोलावलाय. मलाही माझी गाडी दाखवायची होती, म्हणून व्हिडिओ काढून ठेवला. काल सहज काकांना विचारलं, गाडीचं काम झालं का म्हणून. तर हे सगळं निघालं."

थोरल्यांनी पुढची हकिकत सांगितली. गाडी त्यांच्या मुलीची. ती रोज हिंजवडीला नोकरीला तीच घेऊन जायची. ज्या दिवशीचं हे चित्रण, त्या दिवशी मुलगी कंपनीच्या गाडीनं गेली होती, आणि थोरले मालकीणबाईंसह पौडला तहसील कचेरीत. घर बंद. धाकट्याचं घर शेजारीच, मध्ये एक भिंत. धाकट्याचं रस्त्याकडेला गॅरेज होतं. सात वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. वडिलांच्या शेतातली वाट कुणाच्या वाटणीत, यावरून बिनसलं होतं.

"आन ह्ये बी लिवा," थोरले टेबलावर बोट आपटत म्हणाले. "धा दिवसांमागं त्यानं दूधवाल्याच्या तोंडी मला धमकी धाडली हुती. म्हनं, पोरीच्या गाडीचं मागचं चाक निघंल."

झालं. धमकी आहे, वैर आहे, संधी आहे आणि चित्रणही आहे. पोलिसाला आणखी काय हवं? मी गुन्हा दाखल करून घेतला. गाडीला कुणी हात लावायचा नाही म्हणून एक शिपाई अंगणात बसवला, आणि धाकट्याला आणायला दुसरा पाठवला. दूधवाल्याचाही जबाब घेतला. त्यानं शब्दन् शब्द तोच सांगितला. कोणत्या सुरात सांगितलं होतं, हे मी त्याला विचारलं नाही. ही माझी चूक, कबूल करतो.

धाकटे आले ते हात पुसत. पन्नाशी उलटलेली, नखांत काळं ग्रीस, डोळे खाली. समोर बसवलं.

"हा माणूस तुम्हीच ना?"

"व्हय."

"भावाच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरलात?"

"व्हय."

"चाक खोललंत?"

"दिसतंयच की."

"निरोप पाठवला होता, चाक निघेल म्हणून?"

"धाडला हुता."

"मग चाक खोलून काय करत होतात?"

एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ढिम्म. शेवटी म्हणाला, "काय लिवायचं ते लिवा सायेब. मी न्हाई बोलायचा."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलंय. गुन्हेगार फार बोलतो. त्याच्याकडे वेळ तयार असते, जागा तयार असते, शपथा तर खिशातच असतात. हा माणूस स्वतःला सोडवायचा प्रयत्नच करत नव्हता. पण पुरावा इतका ठसठशीत होता की मी म्हटलं, असेल एखादा आतल्या गाठीचा. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची आणि सकाळी न्यायालयात उभं करायचं, असं ठरवून टाकलं.

दुपारी मुलगी आली. ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. थोरले बाहेर बाकावर बसले होते, त्यांच्याकडे न बघता ती माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"सर, काकांना पकडलंय म्हणे. ते असं करणार नाहीत."

"सात वर्षं तुमचं बोलणं नाही. तुम्हाला काय माहीत?"

"बोलणं नाही, पण ओळख गेली नाही ना सर. मी शाळेतून आले की त्यांच्या गॅरेजमध्येच बसायचे. नट कसा लावायचा हे मला सायकल यायच्या आधीपासून येतं." तिचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. "आणि एक सांगू? दोनेक महिन्यांपूर्वी मी हायवेच्या एका दुकानात टायर बदलून घेतलं. तेव्हापासून मागून टक टक आवाज यायचा. बाबांना सांगितलं, ते म्हणाले रस्ते खराब आहेत. या आठवड्यात आवाज नाही. कालपर्यंत मी गाडी चालवलीय, आवाज नव्हता. आज बाबांनी नेऊ दिली नाही."

मी बाईंकडे बघितलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सायब, जीव घ्यायला आलेला मानूस आवाज बंद करून जाईल व्हय? त्यो उलट आवाज वाढवून जाईल की."

आता मात्र माझ्या डोक्यात किल्ली फिरली. मोटार वाहन निरीक्षकांना फोन लावला. ते तासाभरात आले. दोन पंच घेतले आणि थोरल्यांच्या अंगणात पंचनामा सुरू केला. चाक चार बोल्टांवर होतं. निरीक्षकांनी चारही तपासले. एकही सैल नाही. चाक काढलं. तीन भोकं जुनी, गंजाच्या रंगाची. चौथ्या भोकात आत चकचकीत पोलादी कडं बसवलेलं, त्याला आतून ताजे आटे. आटे म्हणजे बोल्टवर किंवा भोकात आतून कोरलेले फेरे, ज्यांवर सगळी पकड असते. चाक बसतं त्या हबच्या भोकातले आटे पार गेले होते, आणि कुणीतरी भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात हे कडं घट्ट बसवून तो बोल्ट पुन्हा पकडीत आणला होता. बाजूलाच गाडीखाली पांढऱ्या टेपचे कुरतडलेले तुकडे पडले होते, नळाला गुंडाळतात ती टेप. निरीक्षक ते चिमटीत धरून म्हणाले, "हे बघा. आधी कुणीतरी बोल्टला टेप गुंडाळून ठोकून बसवला होता. यंत्रानं तिरका मारला असणार, आटे गेले, मग गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ही शक्कल. हा एक निकामी, म्हणजे सगळा भार उरलेल्या तिघांवर. महिनाभरात तेही हलले असते, आणि भर रस्त्यात चाक गेलं असतं."

"आणि हे कडं?"

"फार सुंदर काम आहे साहेब. कुणी केलंय?"

मी मान वळवून बघितलं. थोरले अंगणाच्या कडेला उभे होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी त्यांना ठाण्यात येऊन बसायला सांगितलं.

आता प्रश्न असा की पंचनाम्यावरून काम कळतं, काम करणाऱ्याचा हेतू कागदावर यायला त्याच्या तोंडून यावा लागतो. आणि तो तर तोंड उघडायला तयार नाही. खुनाचा आरोप चालेल, पण बोलणार नाही, ही काय तऱ्हा? परत येताना गाडीत मी विचार केला, या माणसाला कशाचा राग येईल? तुरुंगाचा येत नाही. शिव्यांचा आला नाही. मग मला त्याची ती पुसून पुसूनही काळी राहिलेली नखं आठवली.

ठाण्यात आलो. बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला होता. अर्धा कप पिऊन त्यानं तो टेबलावर ठेवला होता. मी समोर बसलो आणि चेहरा गंभीर करून म्हणालो, "निरीक्षकांनी चाक खोललं. आत कुणीतरी कडं बसवलंय. पण ते म्हणाले, काम एकदम कच्चं आहे. शिकाऊ माणसाचं. पन्नास किलोमीटरही टिकणार नाही."

खोटं बोललो मी. सरळ सरळ.

माणूस खुर्चीतून उठलाच. "कच्चं? कोन म्हन्लं कच्चं? बोलवा त्यास्नी हितं!"

"बसा, बसा."

"बसतोय कशाला! आवो तेल घालून टॅप मारलाय मी, आटे पाडायला. अर्धा फेरा फुडं, पाव फेरा मागं, लोखंडाचा चुरा काढायचा, पुन्यांदा अर्धा फेरा. तास गेला माझा उन्हात. कडं बसवल्यावर बोल्टचे पयले तीन आटे बोटानं घेतले, पाना न्हाई लावला. बोटाला कळतं बोल्ट सरळ चाललाय का तिरका. त्या टायरवाल्याच्या मशिनीला काय कळतंय? धडाड करून मारला तिरका, खाल्ले समदे आटे, आन वर टेप गुंडाळतोय भाड्या! पोरगी रोज त्याच चाकावर जातीया, हिंजवडीच्या त्या गर्दीत, मागं पुढं बस, कंटेनर... कच्चं म्हन्त्यात! पाच वर्सं हलायचं न्हाई त्ये कडं. तरी बी पोरीची गाडी हाय म्हनून मी नवा हब मागवून ठेवलाय. येऊन पडलाय गॅरेजात. पन लावू कसा? पुन्यांदा त्या अंगनात शिरायचं कसं?"

एवढं बोलून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इकडे बाईंनी पदर नसलेल्या गणवेशात पदर शोधल्यासारखं करून तोंड फिरवलं, पण मला त्यांचं हसू दिसलं.

"तुम्हाला कसं कळलं चाकाचं?" मी हळूच विचारलं.

"गॅरेजवरनं जाती की रोज सक्काळी. आवाज ऐकला. दुसऱ्या दिशी रस्ता तुंबला हुता, माझ्या दारातच गाडी थांबली. बगितलं तर एक बोल्ट बाकीच्यापेक्षा बाहीर. दूधवाल्याला म्हन्लं, जाऊन सांग रं बाबा, चाक निघंल म्हनून. त्यो सांगून आला आन आतून शिव्या घेऊन आला."

"मग हे सकाळीच का नाही बोललात? तुमचं काय बिघडलं असतं?"

त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी खाली आणला.

"सायेब, सात वर्सांमागं भैरोबाच्या देवळात, समद्या गावापुढं, आमी दोगांनी भंडारा उचलून शपथ घेतलीया. त्याचं पानी पिनार न्हाई, त्याच्या चिजेला हात लावनार न्हाई, म्हनून. देवाचा भंडारा हाय. जो मोडंल त्येच्या लेकराबाळावर जातंय. माजी दोन लेकरं हायेत. चाकाला हात लावताना मी देवाला सांगितलं, पोरीसाठी लावतोय, माज्यावर काय घालायचं ते घाल. पन ह्ये गावात कळलं म्हंजे बायकू जीव काढील, लेकरं भ्यातील. तवा तुमी मला आत टाका, पन ह्ये कागदावर घेऊ नका. हात जोडतो."

मी थक्क झालो. ज्या माणसाला मी सकाळपासून खुनी समजत होतो तो तुरुंगात जायला तयार होता, कशासाठी, तर आपण भावाच्या पोरीचं चाक दुरुस्त केलं हे बाहेर कळू नये म्हणून! शपथा मोडणारे रोज बघितले होते. शपथ मोडून वर तिची शिक्षा एकट्यानं सोसायला बसलेला हा पहिलाच. मला त्याची फार माया आली. आणि खरं सांगायचं तर अडचणही होती. गुन्हा मिटवायचा तर जबाब हवा, आणि जबाब घेतला तर थोरल्यांना कळणार.

तेवढ्यात दार पुरतं उघडलं. थोरले दारात उभे. नंतर कळलं, बाईंनीच त्यांना दाराला लागून असलेल्या बाकावर बसवलं होतं आणि दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं होतं. मला न विचारता. एरवी मी झापलं असतं.

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटे उठून उभे राहिले, थोरला आला की उठायची सवय गेली नव्हती. थोरल्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हा माणूस आता पडतो. ते माझ्याकडे वळले.

"सायेब, त्याला इचारा, लेकरावर जातंय म्हनला त्ये खरं का?"

मी धाकट्यांकडे बघितलं. ते खाली बघून म्हणाले, "सायेब, त्यांना सांगा, देवाचा भंडारा हाय."

थोरले टेबलापाशी आले. धाकट्यांचा तो अर्धा राहिलेला चहा टेबलावर गार होऊन पडला होता, साय धरलेली. थोरल्यांनी कप उचलला आणि उभ्या उभ्या घोटात पिऊन टाकला. कप खाली ठेवला, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"आता माझी बी मोडली," ते म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून नाही, भावाकडे बघून. "काय पडायचं त्ये दोगांच्यात अर्धं अर्धं पडू दे. तुझ्या येकट्याच्या लेकरांवर कशापायी?"

धाकट्याला हुंदका आवरेना. पन्नाशीचा माणूस थोरल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता आणि थोरले त्याच्या पाठीवर हात फिरवत, "गप, गप रं येड्या, सायेब बगत्यात," म्हणत होते, स्वतःच्या गालावरचं पाणी न पुसता. मी खिडकीकडे तोंड केलं. बाई म्हणाल्या, "सायब, तुमी बी पुसा," आणि स्वतः पाणी आणायला गेल्या.

मग रीतसर सगळं केलं. दोघांचे जबाब घेतले. धाकट्यांनी कागदावर घेऊ नका म्हटलेलं पूर्ण पाळता आलं नाही, पण जितकं झाकता येईल तितकं झाकलं. 'वाहनाच्या सुरक्षिततेच्या हेतूने दुरुस्ती केली' असं लिहिलं, भंडाऱ्याचा उल्लेख कुठंच आणला नाही. गॅरेजमधून तो नवा हब आणून बघितला. खोक्यावर त्याच गाडीचं नाव होतं. टायरवाल्याची वेगळी चौकशी लावली. गैरसमजातून तक्रार, म्हणून 'क' समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवली आणि न्यायालयानं ती मंजूर केली. निघताना धाकट्यांना मी सांगितलं की काम कच्चं म्हणणं माझं होतं, निरीक्षकांनी तर कामाचं कौतुक केलं होतं. ते म्हणाले, "तुमी लई वंगाळ मानूस हाय सायेब." आणि पहिल्यांदा हसले.

या केसनं मला एक शिकवलं, ते निवृत्तीच्या तोंडावर शिकलो याचं वाईट वाटतं. तपासात आम्ही आधी वैर शोधतो. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला काय मिळणार, हेच आमचे पहिले प्रश्न. ते बरोबरच आहेत. पण ज्या घरांत वैर असतं तिथे जुनी मायाही असते, आणि तीही माणसाला चोरासारखी भिंत चढायला लावते. मी त्या चित्रणात खुनी बघितला, कारण तोच बघायला मी बसलो होतो. भाडेकरू पोराला मेकॅनिक दिसला होता. त्या पोराचं बरोबर होतं.

मागच्या हिवाळ्यात त्या बाजूनं जाणं झालं. घरांमधली भिंत अजून उभी आहे, फक्त तिला मध्ये एक माणूस जाईल एवढं भगदाड पाडलंय. गॅरेजसमोर गर्दी दिसली म्हणून गाडी हळू केली, तर दोघे भाऊ रस्त्यात उभे राहून कडाकडा भांडत होते. कशावरून, तर मुलीच्या गाडीचं तेल बदलायला झालंय की नाही. थोरले म्हणत होते झालंय, धाकटे म्हणत होते मला शिकवू नका. उतरून मध्ये पडावं असं आधी वाटलं, जुनी सवय. मग म्हटलं, नको. सात वर्षांचं बोलायचं राहिलंय, भांडू दे.